वाचक विचारतात : ॲडलेडच्या २३० धावा आणि इतर हिशेब

गेल्या अंकात विजय हजारेंच्या १९४८च्या ॲडलेड कसोटीतल्या दोन शतकांवर चार ओळी लिहिल्या आणि अकरा पत्रे आली. त्यातली तीन माझी चूक दाखवणारी होती आणि चूक खरी होती. दत्तू फडकरांच्या त्याच सामन्यातल्या धावा १२३, मी लिहिल्या १३२. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला हे शोभत नाही. ताळा जुळला नाही आणि फरकाला नवाने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन आकडे उलटसुलट पडलेत, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकायचो. इथे फरक बरोबर नऊचा आहे. दुरुस्ती करून घ्यावी.

आता प्रश्न.

काका, हजारेंबद्दल आदर आहेच. पण तो सामना आपण डावाने हरलो, मालिका ४-० अशी हरलो. हरलेल्या सामन्यातल्या शतकांचा उपयोग काय? आज कोणी असे केले तर लोक म्हणतील, स्वतःसाठी खेळला. — एक महाविद्यालयीन वाचक, मांजलपूर

प्रश्न रोखठोक आहे, म्हणून आवडला. उत्तर जरा लांब आहे. चहा घेऊन बस.

आधी संघ कसा गेला ते बघ. १९४७च्या हिवाळ्यात ऑस्ट्रेलियाला निघालेल्या संघात विजय मर्चंट नव्हते, मुश्ताक अली नव्हते, रुसी मोदी नव्हते. फझल महमूद निवडले गेले होते, पण मधल्या काळात देशाची फाळणी झाली आणि ते पाकिस्तानातच राहिले. कर्णधारपद लाला अमरनाथांकडे आले. समोर ब्रॅडमन, हॅसेट, मिलर, लिंडवॉल. हाच संघ पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडला जाऊन एकही सामना न हरता परतला. म्हणजे त्या वेळी जगात त्यांच्या तोडीचे कोणी नव्हते.

ब्रिस्बेनला आपण ५८ आणि ९८. सिडनीला पावसाने सामना खाल्ला, पण त्याआधी ऑस्ट्रेलियाला आपण १०७ मध्ये गुंडाळले होते. हजारे ४ बळी, फडकर ३. त्या चारांत ब्रॅडमनचा त्रिफळा होता, १३ धावांवर. हे लोक विसरतात, कारण हजारे म्हटले की फक्त बॅट आठवते. मेलबर्नला पुन्हा हार. मग २३ जानेवारी १९४८ला ॲडलेड.

ऑस्ट्रेलिया ६७४. ब्रॅडमन २०१, हॅसेट नाबाद १९८, बार्न्स ११२. आपले ३८१, त्यात हजारे ११६ आणि फडकर (नीट वाच) १२३. फॉलोऑन, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजी. दुसऱ्या डावात मंकड शून्य, अमरनाथ शून्य, फलकावर दोन बाद शून्य. अशा वेळी हजारे पुन्हा पॅड बांधून आत आले आणि १४५ करून गेले. लिंडवॉलने त्या डावात ३८ धावांत ७ गडी बाद केले. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे पहिले भारतीय.

‘स्वतःसाठी खेळला’ हे केव्हा म्हणावे? संघाला एक हवे असते आणि तू दुसरे करतोस तेव्हा. दोन बाद शून्यवर संघाला काय हवे होते? कोणीतरी बाद न होता उभे राहावे, एवढेच. सामना वाचायला वेळ खायला हवा होता आणि हजारेंनी तो खाल्ला. बाकीच्यांनी साथ दिली असती तर पराभव एक डाव आणि १६ धावांचा झाला नसता. सोळा धावा! त्यासाठी सहा जणांच्या नावापुढे शून्य आहे, त्यांना विचार.

आता माझा खरा मुद्दा, आणि तो स्कोअररचा मुद्दा आहे. निवृत्तीआधी आणि नंतरही मी बडोद्याच्या मोतीबागेवर आणि इतर मैदानांवर क्लबच्या सामन्यांचे स्कोअरबुक लिहिले. तंबूत टेबल, मागे राजवाडा, मधूनच मोर ओरडणार, आणि एक ओव्हर लिहायची राहिली की पंच खवळणार. त्या वहीत निकालाला एकच ओळ असते, पानाच्या तळाशी. बाकी सगळे पान ठिपक्यांचे आणि आकड्यांचे. तळाची ओळ वाचायला स्कोअरर लागत नाही. मी नेहमी बघतो, कोण कधी आत आला आणि त्या वेळी फलकावर काय होते.

तसे ॲडलेडचे दुसरे पान बघ. एकूण २७७. हजारे १४५. हेमू अधिकारी ५१. गुल महंमद ३४. बेरीज कर. २३०. हे तिघेही त्या काळी बडोद्याकडून रणजी खेळणारे. उरलेले आठ जण आणि अवांतर मिळून ४७. जगातल्या सर्वांत दणकट संघासमोर त्या दिवशी भारत नव्हे, बडोदे संस्थान खेळत होते, असे माझे वडील म्हणायचे. अतिशयोक्ती आहे, पण ताळा जुळतो.

आणि हेच हजारे-गुल महंमद दहा महिन्यांपूर्वी, मार्च १९४७ मध्ये, इथे बडोद्यात होळकर संघाविरुद्ध रणजीच्या अंतिम सामन्यात ५७७ धावांची भागी करून बसले होते. गुल ३१९, हजारे २८८. कुठल्याही गड्यासाठीचा तो विश्वविक्रम २००६ पर्यंत टिकला, मग संगकारा आणि जयवर्धने यांनी ६२४ केल्या. गुल महंमद मूळचे लाहोरचे. ॲडलेडला भारताची टोपी घालून खेळले आणि १९५६ मध्ये कराचीत पाकिस्तानची घालून. एका माणसाच्या कारकिर्दीत किती काय मावते!

उपयोग काय, असे विचारलेस ना? अधिकारींकडे बघ. हजारेंसोबत सातव्या गड्यासाठी त्या दिवशी १३२ धावा जोडणारा तो माणूस. तेवीस वर्षांनी, ऑगस्ट १९७१ मध्ये, वाडेकरांच्या संघाने ओव्हलवर इंग्लंडला त्यांच्याच देशात पहिल्यांदा हरवले, तेव्हा संघाचे व्यवस्थापक होते लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी. क्षेत्ररक्षणाच्या बाबतीत ते फार कडक होते. त्या सामन्यात चंद्रशेखरचे ३८ धावांत ६ बळी सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र शॉर्टलेगला पुढे झेपावून नॉटचा झेल घेणारा एकनाथ सोलकर आठवतो आणि त्याच्यामागे अधिकारी दिसतात. ते दिसणे माझे, पुरावा मागू नकोस.

हजारेंवर टीका करायचीच असेल तर कर्णधारपदावरून कर, मी अडवणार नाही. १९५२ मध्ये लीड्सला आपले चार गडी शून्यावर गेले (त्या चारांत पदार्पण करणारे आपले दत्ताजीराव गायकवाडही होते) आणि कर्णधार हजारे त्या डावात सहाव्या क्रमांकाला आले. आले आणि ५६ केल्या, हे खरे. पण इतक्या मागे का? हा प्रश्न मी सत्तर वर्षांचा झालो तरी सुटलेला नाही. माणूस अतिशय सभ्य आणि संकोची, आणि कर्णधाराला थोडा उद्धटपणा लागतो असे माझे मत आहे.

वडिलांचे निघालेच आहे तर सांगतो. ते संस्थानच्या एका कचेरीत कारकून होते. सामन्यांचे आकडे ते मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात वर्तमानपत्रातून उतरवून आणत आणि घरी वहीत पेन्सिलीने नीट मांडत. ती वही माझ्याकडे आहे. ॲडलेडचे पान भरलेले आहे, हजारेंच्या नावाखाली दुहेरी रेघ. सामना २८ जानेवारीला संपला. पुढचे पान कोरे आहे. ३० जानेवारीला शुक्रवार होता. गांधीजी गेले. त्यानंतर वडिलांनी त्या मालिकेचे काहीच उतरवले नाही. मेलबर्नचा शेवटचा सामना आपण ३३१ आणि ६७ करून हरलो, तो त्या वहीत नाहीच.

त्याच मालिकेत ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या टोशॅकची गोलंदाजी २.३ षटके, २ धावा, ५ बळी अशी छापलेली पाहिली. ही छपाईची चूक ना? — इयत्ता नववी, रावपुरा

नाही रे बाळा, बरोबर आहे. फक्त तू १५ चेंडू मोजले असशील. त्या काळी ऑस्ट्रेलियात एका षटकात आठ चेंडू टाकत. दोन अठ्ठे सोळा आणि तीन, एकोणीस चेंडू. एकोणीस चेंडूंत पाच बळी. दुसऱ्या डावात त्याने आणखी ६ घेतले.

जादू त्याच्या हातात थोडी आणि खेळपट्टीत जास्त होती. तेव्हा खेळपट्टी आजच्यासारखी झाकून ठेवत नसत. ब्रॅडमनने १८५ करून घेतल्या, मग जोराचा पाऊस आला. नंतर ऊन पडले की वरचा थर कडक होतो आणि आत चिखल तसाच राहतो. पावसाळ्यात अंगणात वरून वाळलेल्या मातीवर पाय ठेवून बघ, पाय फसतो. चेंडूही तसाच फसतो. कधी थांबून येतो, कधी छातीपर्यंत उसळतो, कधी घोट्याखालून जातो. टोशॅक डावखुरा, मध्यमगती, टप्प्याचा पक्का. त्याला आणखी काय हवे? आपल्या फलंदाजांनी असली खेळपट्टी फारशी पाहिलेलीच नव्हती.

१९७१ च्या किंग्स्टन कसोटीत भारत ३८७ आणि वेस्ट इंडीज २१७. आघाडी १७०च. फॉलोऑनला २०० लागतात ना? मग आपले कर्णधार वाडेकरांनी त्यांचे कर्णधार सोबर्सना फॉलोऑन कसा दिला? — निवृत्त शिक्षक, पाणीगेट

सर, तुमच्यासारखा प्रश्न स्वतः सोबर्सनाही पडला असावा. पाच दिवसांच्या सामन्यात २०० लागतात, चार दिवसांच्या सामन्यात १५०. पहिला दिवस पूर्ण पावसात वाहून गेला तर सामना उरलेल्या दिवसांचा धरतात. किंग्स्टनला तसेच झाले होते. वाडेकरांना नियम माहीत होता. ते वेस्ट इंडीजच्या ड्रेसिंग रूममध्ये जाऊन सांगून आले.

सामना अनिर्णित राहिला, पण त्याचा परिणाम बघा. त्याआधीच्या, १९६२ च्या दौऱ्यात आपण तिथे पाचही सामने हरलो होतो. वेस्ट इंडीजला एकाही कसोटीत कधी हरवले नव्हते. आणि आता त्यांच्याच मैदानावर त्यांना पुन्हा बॅटिंगला बसवले. दिलीप सरदेसाई पाच बाद ७५ वरून २१२ करून गेले होते. पुढची कसोटी पोर्ट ऑफ स्पेनला सात गडी राखून जिंकली. सलीम दुराणींनी लॉइड आणि सोबर्स दोघांना काढले आणि गावसकर नावाचा नवा पोरगा विजयी धावा झाल्या तेव्हा नाबाद होता. मालिका १-०. लोकांना गावसकरच्या ७७४ पाठ असतात, ते योग्यच आहे. पण तुम्ही शिक्षक आहात म्हणून सांगतो, त्या दौऱ्याचा पहिला पेपर नियमांच्या पुस्तकावर होता आणि तो वाडेकरांनी सोडवला.

दत्ताजीराव गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ ला इंग्लंडमध्ये ०-५. बडोदेकरांनी याचा उल्लेख टाळावा असे माझे मत. — दांडिया बाजार

मत आदराने वाचले आणि बाजूला ठेवले.

नोव्हेंबर १९५८ ते ऑगस्ट १९५९ या काळात भारताने दहा कसोटी खेळल्या. पाच इथे वेस्ट इंडीजविरुद्ध, पाच इंग्लंडमध्ये. त्या दहांत कर्णधार किती? उम्रीगर, गुलाम अहमद, मंकड, अधिकारी, दत्ताजीराव, आणि लॉर्ड्सला दत्ताजीराव आजारी म्हणून पंकज रॉय. सहा! घरात स्वयंपाकीण दर आठवड्याला बदलली तर आमटीला चव कुठून येणार? शिवाय गोलंदाजीला समोर ट्रुमन आणि स्टॅथम. दत्ताजीरावांनी आदल्याच वर्षी, १९५७-५८ ला, बडोद्याला रणजी करंडक जिंकून दिला होता. त्यांच्याकडे नेतृत्व आकाशातून पडले नव्हते. फार तर चुकीच्या वर्षी आले.

त्या ०-५ मध्येही एक पान जपण्यासारखे आहे. मँचेस्टरला जिंकायला ५४८ हव्या होत्या. मांजरेकर जखमी म्हणून ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या वीस वर्षांच्या अब्बास अली बेगला बोलावले. पहिल्याच कसोटीत त्याने ११२ केल्या, उम्रीगरांनी ११८. आपण ३७६ पर्यंत पोहोचलो.

दत्ताजीराव फेब्रुवारी २०२४ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा ते भारताचे सर्वांत वयस्कर कसोटीपटू होते. चिरंजीव अंशुमन त्याच वर्षी जुलैच्या शेवटी गेले. त्या वर्षी बडोद्याचे दोन खांब पडले. उल्लेख टाळायचा असेल तर माझा टाळा, त्यांचा नको.

अंशुमन गायकवाडांच्या कानाला चेंडू लागला तो सामना भारताने ‘पाच बाद’वर सोडून दिला असे यजमान म्हणतात. खरे का? — गृहिणी, प्रतापगंज

सोडून दिला नाही, ताई. खेळायला माणसेच उरली नव्हती.

एप्रिल १९७६. पोर्ट ऑफ स्पेनला आपण चौथ्या डावात ४०३ चे लक्ष्य चार गडी गमावून गाठले. त्यांचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड संतापला. पुढच्याच सामन्यात, किंग्स्टनला, वेगवान गोलंदाजांचा मारा. अंशुमन पहिल्या डावात ८१ वर असताना होल्डिंगचा चेंडू डाव्या कानावर बसला. तेव्हा हेल्मेट नव्हते. विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल जखमी. आपले कर्णधार बेदींनी ६ बाद ३०६ वर डाव सोडला, म्हणजे गोलंदाजांना मारा खायला नको. तरी पुढे क्षेत्ररक्षणात बेदी आणि चंद्रशेखर दोघांचेही हात जायबंदी झाले. दुसऱ्या डावात ५ बाद ९७, आणि पुढे पाच नावांसमोर ‘जखमी, गैरहजर’. वेस्ट इंडीजला जिंकायला १३ धावा हव्या होत्या.

मी तेव्हा नोकरीत नवा होतो. सकाळी कॅशच्या टेबलावर पेपर उघडला आणि ती पाच नावे बघून आधी वाटले, छपाईची गडबड. मग शेजारच्या गुजराती सहकाऱ्याने अंशुमनच्या नावावर बोट ठेवले. म्हणाला, ‘आपणो छोकरो.’ तो क्रिकेट फारसे बघायचा नाही.

१९७४ ला लॉर्ड्सवरच्या आपल्या सर्वबाद ४२ वाईट, की २०२० ला ॲडलेडच्या ३६? — सयाजीगंज

३६. सहा धावांनी.

आणि महिन्याभरात तोच दौरा आपण २-१ असा जिंकला. शेवट ब्रिस्बेनला, ३२८ चा पाठलाग, तीन गडी राखून. मुख्य गोलंदाज जखमी होऊन बाहेर, त्यांच्या जागी नवी मुले. त्या मैदानावर १९८८ नंतर ऑस्ट्रेलिया हरलाच नव्हता. तेच मैदान, जिथे १९४७ ला ५८ आणि ९८ झाल्या होत्या. त्या दिवशी दुपारी मी वडिलांची वही काढून ब्रिस्बेनचे पान उघडून टीव्हीसमोर ठेवले होते. घरच्यांना वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले.

माझे सासरे आज ८७ वर्षांचे. ते सांगतात की हजारे-गुल महंमदची ५७७ ची भागी त्यांनी लहानपणी झाडावर बसून पाहिली. आम्ही विश्वास ठेवावा का? — एक सून, वाडी

सूनबाई, आजवर मला ती भागी झाडावरून पाहिलेली चाळीसेक माणसे भेटली आहेत. सगळी खरी असतील तर त्या झाडाचा विश्वविक्रम हजारेंपेक्षा मोठा. वयाचे मात्र जुळते. १९४७ ला ते नऊ-दहा वर्षांचे असणार, आणि त्या वयातली पोरे झाडावरच असतात.

तपासायची एक सोपी युक्ती सांगतो. जेवायला बसले की सहज विचारा, दोघांपैकी डावखुरा कोण होता? ज्याने पाहिले आहे तो न थांबता ‘गुल’ म्हणेल, आणि पुढे स्वतःहून सांगेल की गुल ठेंगणा होता. ज्याने फक्त ऐकले आहे तो ३१९ आणि २८८ सांगत बसेल.

फक्त हा अंक त्यांच्या हाती पडायच्या आत विचारा.